शोभेची वस्तू

लाजेने जमिनीत शिरावंसं वाटण्याचे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात, अशी माझी समजूत होती. मग मी मिल्टन कीन्समध्ये घर घेतलं, आणि दोन घरं सोडून काका राहतात हे कळलं.

त्यांना इथलं सगळं मराठी मंडळ काकाच म्हणायचं. पाठीमागे मात्र 'फेलकाका'. इथे जन्मलेली पोरं तोंडावरही तेच म्हणत, कारण त्यांना ते त्यांचं आडनाव वाटायचं. एका बारशाला यजमानांच्या मुलाने दार उघडलं आणि आत तोंड करून आरोळी ठोकली, "मम्मी, फेलकाका आला!" आईने जीभ चावली. काकांनी शांतपणे बूट काढले आणि म्हणाले, "आला नाही, बाळ. आले. फेल."

ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवण्याच्या कारखान्यात त्यांनी इन्स्पेक्टर म्हणून उभी हयात काढली होती. लोकांनी केलेलं काम तपासायचं आणि नापास करायचं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण नापास करायचं सुटलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात, जिथे इतर लोक पेन ठेवतात, तिथे त्यांचा मिलिमीटरचेही भाग मोजणारा व्हर्नियर असायचा. गणेशोत्सवात मी आदल्या दिवशीपासून खपून मोदक केले, तर त्यांनी त्यातला एक उचलून प्रकाशात फिरवला, व्हर्नियरने दोन कळ्यांमधलं अंतर घेतलं आणि मला म्हणाले, "चव उत्तम. कळ्या असमान. फेल." आणि चार खाल्ले. प्रसादाच्या रांगेत माझ्यामागे तमाम मिल्टन कीन्सचे मराठी लोक उभे होते.

पण व्हर्नियर परवडला. बोट नको. जगातल्या प्रत्येक वस्तूच्या कडेवरून ते उजव्या हाताची तर्जनी फिरवत. टेबल, ताट, पाळणा, लग्नातल्या मांडवाचा खांब, लायब्ररीचं काउंटर, काहीही. डोळे मिटायचे, बोट हळूहळू सरकवायचे, मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "इथे टोचतंय." एकदा सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीचं चाक का डुगडुगतंय हे पाहायला ते दोन्ही गुडघ्यांवर बसले. मागे बायका ट्रॉल्या घेऊन खोळंबल्या. एकीने मला हळूच विचारलं, "इज युअर डॅड ऑलराइट, लव्ह?" मी म्हटलं, "ही इज नॉट माय डॅड," आणि चीजच्या कपाटामागे जाऊन उभी राहिले. तिथेही त्यांचा आवाज आला, "अगं, कुठे गेलीस? ये, बघ तर, बेअरिंगच गेलंय!"

"टॉलरन्स म्हणजे सहनशक्ती नव्हे," असं ते सांगायचे. "टॉलरन्स म्हणजे किती चूक चालेल हे आधी ठरवणं. चूक झाल्यावर ठरवतात, त्याला सबब म्हणतात." हे वाक्य मी माझ्या ऑफिसात दोनदा वापरलं आहे. दोन्ही वेळा मीटिंग लवकर संपली.

काकूंना हे सगळं ऐकू येत नसे. म्हणजे कान उत्तम होते, पण संसारात एका विशिष्ट आवाजाला बधिर होण्याची कला त्यांनी साधली होती. "अहो इन्स्पेक्टर," त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "पोळ्या गोल नाहीत, पण गरम आहेत. पास करा आणि या."

अशा माणसाने गाडी बांधायला घेतली. दुरुस्त करायला नव्हे, बांधायला. खोक्यांमधून सांगाडा आला, पत्रे आले, आणि गॅरेज भरलं. दोन माणसांची, छप्पर नसलेली, जमिनीला लागून धावणारी स्पोर्ट्स कार. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस मात्र जुन्या गाडीतून काढून बसवायचा असतो. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. काकांनी डोनर म्हणून काकूंची गाडी मागितली. ब्रिस्टलला काकू ज्या गाडीत ड्रायव्हिंग शिकल्या, जिच्यात बसून पहिल्यांदा एकट्या मोटरवेवर गेल्या, ती. पत्रा गंजला होता, पण इंजिन ठणठणीत होतं.

"देहदान," काकू म्हणाल्या. "मला विचारलंत हे बरं केलंत. पण मला काय मिळणार?"

"पहिली फेरी तुझी."

"नंबर प्लेट लागल्यावर. बिनानंबरच्या गाडीत मी बसणार नाही. या देशात इतकी वर्षं राहिले, एक पार्किंगचा दंड नाही मला."

"लागेल. मी बांधतोय, म्हणजे पहिल्या फटक्यात पास."

हे वाक्य घरातच राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. ते त्यांनी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात माइकवरही म्हटलं. ज्यांचे मोदक, रांगोळ्या, पाळणे आणि जावई आजवर फेल झाले होते, ते सगळे समोर बसले होते. त्या दिवसापासून गाडी ही सार्वजनिक बाब झाली.

घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर इथे एक सरकारी परीक्षा असते. दिवे, ब्रेक, धूर, आवाज हे तर आहेच, पण खरी मेख निराळी. गाडीत माणसाचं डोकं, हात, गुडघा जिथे जिथे आपटू शकतो, तिथली एकही कड टोकदार चालत नाही. प्रत्येक कडेला ठरावीक गोलाई हवी. म्हणजे बघा, हा माणूस ज्या परीक्षेसाठी जन्माला आला होता ती परीक्षा सरकारने आधीच काढून ठेवली होती! काकांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं. मला ब्रेकचं पेडल दाबायला बसवायचे. "दाब. धर. सोड. दाब." मी खाली दाबत असायची आणि ते चाकाशी आडवे पडून नियम म्हणत असायचे, जसं कोणी आंघोळ करताना स्तोत्र म्हणावं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी हजर झाले, कारण दोन सीटच्या त्या गाडीत काकांशेजारी बसायचं भाग्य माझं होतं. परीक्षेला जायला आणि यायला बिनानंबरची गाडी चालते, तसा विमा काढला होता, पण काकूंना कायद्यातली ती सवलत मान्य नव्हती. त्या आपली नवी छोटी लाल गाडी घेऊन मागून येणार होत्या.

ड्राइव्हवेवर काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. चाकांखाली लिंबं ठेवली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. आणि डॅशबोर्डवर गणपती होता.

पितळेचा, अंगठ्याहून थोडा मोठा. जुन्या गाडीत तो कायम समोर असायचा. मुकुट उंच, निमुळता, टोकाला कळस.

"इंजिन त्याच गाडीचं," काकू म्हणाल्या, "मग गणपतीनेच काय पाप केलं? तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा प्रतिष्ठापना केली. तुमच्या फळीवरचाच गोंद घेतला. तो हो, विमानाचा पंख चिकटतो म्हणून सांगता तो."

काकांनी हात पुढे केला. तर्जनी मुकुटाच्या टोकाला लागली आणि थांबली. आता येणार, मला वाटलं. आता 'टोचतंय'.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती, सरकारी तपासणी केंद्रात जायला.

"छान," काका म्हणाले, आणि बोट खिशात घातलं.

रस्त्यातली माझी शोभा वर्णन करत नाही. इतकंच सांगते, की काकांनी पोहण्याचा गॉगल लावला होता आणि मलाही दिला होता. मिल्टन कीन्सच्या प्रत्येक गोल चौकात आम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवरून फिरत होतो. मागे काकू हजार्ड दिवे लावून प्रदक्षिणेला. एका सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधला पोरगा वाकून म्हणाला, "ऑफ टू द बीच, लेडीज अँड जेंट्स?" मी ओढणी तोंडावरून घेतली. काका म्हणाले, "त्याचा मागचा टायर बघितलास? फेल."

केंद्रात पाहणाऱ्यांनी पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं असतं. काकू आणि मी उभ्या राहिलो. तपासायला एक बाई आल्या, पिकलेले केस घट्ट बांधलेल्या, शांत आवाजाच्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नाकाने वास घेतला आणि म्हणाल्या, "स्मेल्स लव्हली. लेमन?" टायरच्या खाचेत अजून लिंबाची साल होती.

मग त्यांनी हातमोजा काढला आणि गाडीच्या कडेवरून तर्जनी फिरवायला सुरुवात केली. डोळे जवळजवळ मिटून. हळूहळू.

काका बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव मी पहिल्यांदा पाहिला. जगात आपल्यासारखं दुसरं कोणीतरी आहे हे माणसाला सत्तरीत कळावं, तसा. बाई एकेका कडेशी थांबत आणि पुढे जात. शेवटी म्हणाल्या, "धिस इज ब्यूटिफुल वर्क, सर." काका लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणाऱ्याला पास होताना हातांचं काय करायचं ते कळेना. त्यांनी ते मागे बांधले.

"इन्स्पेक्टर लाजलेत," काकू माझ्या कानात म्हणाल्या. त्यांचा आवाज अभिमानाने नुसता भिजला होता.

मग आतली तपासणी. डोकं आपटलं तर कुठे लागेल ते पाहायला डोक्याएवढा एक गोळा असतो. बाईंनी तो डॅशबोर्डवरून सरकवत नेला. सरकत सरकत गोळा गणपतीच्या मुकुटाला टेकला आणि थांबला.

"अँड व्हॉट्स धिस, सर?"

त्या शेडमध्ये आवाज घुमतो. एखादा पाना पडला तरी मंदिरातली घंटा वाजावी तसा. त्यामुळे काका काय म्हणाले ते आम्हाला लख्ख ऐकू आलं.

"दॅट्स नथिंग. जस्ट ॲन ऑर्नमेंट."

काकूंचा माझ्या दंडावर ठेवलेला हात तसाच राहिला. फक्त हलका झाला.

"डज इट कम ऑफ?"

"ऑफ कोर्स!" काकांनी गणपती धरून ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग एक पाय सीटवर रोवून ओढला. विमानाचा पंख धरून ठेवणारा गोंद तो. एक पोक्त माणूस, पोहण्याचा गॉगल कपाळावर चढवलेला, गजाननाला सोंडेला धरून खेचतोय आणि त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झालाय. एरवी मी हे पाहून तिथेच लोळले असते. खोटं कशाला बोलू, हे घरी कसं सांगायचं याची जुळवाजुळव मनात सुरूही झाली होती. मग मी शेजारी पाहिलं. काकूंनी पायातल्या चपला काढल्या होत्या आणि हात जोडले होते, पिवळ्या रेषेच्या मागे, सिमेंटच्या थंड फरशीवर. त्या बहुधा पुटपुटत क्षमा मागत होत्या, त्याच्याकडे, यांच्या वतीने. मी मान खाली घातली ती वर करवेना.

"डोन्ट हर्ट युअरसेल्फ, लव्ह," बाई म्हणाल्या आणि लिहायला वळल्या. बाकी सगळं पास. दोष एकच. तेवढा काढून पुन्हा आणा.

जाताना त्या काकूंपाशी थांबल्या. बाई कनवाळू होत्या. "वॉज इट समथिंग स्पेशल?"

"नो, नो," काकू गोड हसून म्हणाल्या. "जस्ट ॲन ऑर्नमेंट."

परतीच्या वाटेवर काका एकाही टायरला फेल म्हणाले नाहीत. भुरभुर पाऊस आला. छप्पर नव्हतं. एका सिग्नलला त्यांनी खिशातून रुमाल काढला, गणपतीवरचं पाणी टिपलं, आणि हिरवा दिवा लागला तरी टिपतच राहिले. मागून हॉर्न वाजला. काकूंचा नव्हता.

निकाल मंडळाच्या ग्रुपवर आपण स्वतः कळवू, असं त्यांनी माइकवर सांगितलं होतं. कळवला. "फेल. एक दोष. दोष गाडीत नाही." दहा मिनिटांत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. 'काका, टॉलरन्स!' 'जावईबापू विचारतायत, रीटेस्ट कधी?' 'कळ्या असमान होत्या का?' सगळ्यांनी आपापले मोदक वसूल केले. काकांनी प्रत्येक शेऱ्याला एक नमस्काराचं चिन्ह पाठवलं. त्या हात जोडण्याकडे मला बघवेना.

काकू भांडल्या असत्या तर सुटले असते बिचारे. त्या भांडल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गॅरेजच्या दिशेने हाक आली, "चहा झालाय! शोभेची वस्तू घेणार का?" तिसऱ्या दिवशी, "अहो, शोभेच्या वस्तूला बाजारात जायचंय, पिशवी कुठे आहे?" म्हणजे कधी ते शोभेची वस्तू, कधी या. गणपतीला मात्र तो शब्द पुन्हा लागला नाही. रोज सकाळी त्या गॅरेजमध्ये जाऊन त्याला एक फूल वाहत आणि काकांच्या अंगावरून बाहेर येत.

एका दुपारी काका माझ्या दाराशी आले. दाराच्या कडेवरून बोटसुद्धा फिरवलं नाही.

"तुला उत्तरपूजा येते का गं?"

"काका, तुम्ही तर देवाधर्माचं..."

"माझं सोड. प्रतिष्ठापना केलेली मूर्ती अशीच उपटायची नसते म्हणे. आणि मी तर उपटायला गेलो होतो. चारचौघांत." ते थांबले. "तिला विचारायचं तोंड नाही मला."

गॅरेजमध्ये आम्ही बासमतीच्या अक्षता घेऊन गाडीसमोर उभे राहिलो. मला मंत्राची फक्त शेपटी येत होती, 'पुनरागमनाय च'. काकांनी फोनवर काहीतरी शोधलं आणि नियमांचं पुस्तक वाचावं तशा सुरात वाचायला लागले.

"ते वास्तुशांतीचं आहे," दारातून आवाज आला. "सरका."

काकूंनी पदर खोचला, हात धुतले आणि पूजा नीट केली. शेवटी अक्षता वाहिल्या. "पुनरागमनाय च." उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून जराशी हलवायची असते, म्हणजे देव निघाला. काकूंनी हलवली. हलेना. पुन्हा हलवली.

"जायचं नाही म्हणतोय," काकू म्हणाल्या. ओठ घट्ट मिटले होते, पण एक कोपरा सुटलाच.

काका बराच वेळ मुकुटाकडे बघत राहिले. टोक कानशीने घासलं असतं तर कोणत्याही गोळ्याने पास केलं असतं. त्यांनी कानस उचललीही नाही.

"मग," ते म्हणाले, "त्याला नको हलवायला. जागाच हलवू."

त्यांनी अख्खा डॅशबोर्ड उतरवला. महिनोन् महिने खपून केलेला, ज्याच्यावरून त्या बाईंचा गोळा मुकुटापर्यंत कुठेही न अडता सरकला होता, तो. गणपतीभोवती तळहाताएवढा चौकोन आखला आणि करवत घातली. नवीन डॅशबोर्ड बनवला. गाडी पुन्हा गेली, पास झाली. त्याच बाई होत्या. ग्रुपवर काकांनी काही टाकलं नाही. कोणी विचारलंही नाही.

यथावकाश नंबर आला, Q ने सुरू होणारा. वेगवेगळ्या काळातले सुटे भाग असले आणि गाडीचं नेमकं वय ठरवता आलं नाही, की असा नंबर मिळतो. "वय माहीत नाही आणि विचारायचं नाही," काकू म्हणाल्या. "शोभतो मला."

पहिल्या फेरीच्या दिवशी मी फुटपाथवर उभी होते. काकू तीच निळी साडी नेसून आल्या. वाकून, साडी सावरत, हसत आणि थोडं कण्हत त्या खाली सीटमध्ये बसल्या. काका घरात गेले आणि दोन्ही हातांत धरून काहीतरी घेऊन आले.

गणपती होता. खाली ॲल्युमिनियमचा तो चौकोन, चौरंगासारखा. त्याचे कोपरे गोल केले होते, सगळ्या कडा घासून, पॉलिश करून आरशासारख्या चकचकीत. खालून हिरवं मऊ फेल्टचं कापड चिकटवलं होतं, साडीला लागू नये म्हणून.

"मांडीवर काय घ्यायचं," काका जमिनीकडे बघत म्हणाले, "याबद्दल पुस्तकात काही नियम नाही."

त्यांनी तो काकूंच्या मांडीवर ठेवला, पट्टा दोघांवरून ओढून लावला, आणि बाजूला उभे राहिले. हात मागे बांधून. त्या शेडमध्ये उभे होते तसेच.

काकूंनी चौरंगाकडे पाहिलं. मग उजव्या हाताची तर्जनी काढली, डोळे मिटले, आणि कडेवरून फिरवायला लागल्या. एक बाजू. दुसरी. फार हळू. शेजारचा इंग्रज म्हातारा कुंपण कापायचं थांबवून बघत होता. चौथ्या बाजूला बोट थांबलं.

"इथे," काकू म्हणाल्या, "अजून टोचतंय."

मी पुढे होऊन बोट फिरवून पाहिलं. लोण्यासारखी गुळगुळीत होती कड. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

काका तसेच वळले. गॅरेजमध्ये गेले, बारीक पॉलिश पेपर घेऊन आले, आणि भर रस्त्यात, शेजाऱ्यांच्या देखत, दोन्ही गुडघ्यांवर बसून घासायला लागले.